हेडफोन, तंबोरा आणि एक जुनी कॅसेट

मागच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत एका मित्राने विचारलं, "गाणी ऐकायला चांगला हेडफोन कोणता घेऊ?" प्रश्न साधा होता. मी मात्र "नुसतं ऐकायचंय की तपासायचंय?" असा उलटा प्रश्न केला आणि मग आमटी निवेपर्यंत बोलत राहिलो. मागे उभ्या असलेल्या संपादिकाबाईंनी ते सगळं ऐकलं आणि "हे स्मरणिकेसाठी लिहून द्या, म्हणजे निदान रांग तरी पुढे सरकेल," असं फर्मान काढलं. हा लेख म्हणजे त्या फर्मानाची अंमलबजावणी.

उलटा प्रश्न विचारायला कारण होतं. चुकीचा हेडफोन डोक्यावर घेऊन मी माझ्या आत्याला चाळीस वर्षांपूर्वीच्या एका मैफलीतून उठवून बाहेर काढलं होतं. ती हकिगत सांगतोच. पण आधी थोडा इतिहास सांगू द्या, कारण दोष माझा असला तरी त्याची मुळं पार एकोणिसाव्या शतकात जातात.

कानाला यंत्र लावून दूरचं संगीत ऐकण्याचा पहिला मोठा जाहीर प्रयोग पॅरिसचा. १८८१ साली तिथे विजेच्या उपकरणांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. क्लेमां आदेर नावाच्या इंजिनियरने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे ट्रान्समीटर बसवले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या जागेपर्यंत आणल्या. लोक रांग लावून येत, दोन हातांत दोन रिसीव्हर धरत आणि दोन्ही कानांना लावत. दोन कानांना रंगमंचाच्या दोन वेगळ्या जागांवरचे आवाज येत, त्यामुळे गाणारा इकडून तिकडे चालला की आवाजही सरकल्यासारखा वाटे. पुढे १८९० मध्ये पॅरिसला 'थिएत्रोफोन' नावाची कंपनीच निघाली. वर्गणी भरायची आणि घरबसल्या ऑपेरा ऐकायचा. लंडनमध्येही १८९५ पासून 'इलेक्ट्रोफोन' सुरू झाला आणि तो १९२५ पर्यंत चालला. प्रसिद्ध फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्त हा दम्याने बेजार, घराबाहेर फारसा न पडणारा माणूस. १९११ मध्ये तो थिएत्रोफोनचा वर्गणीदार झाला आणि देब्युसीचा ऑपेरा त्याने असा तारेवरून ऐकला. टेलिफोनच्या त्या खरखरीत तारेतून कितीसं संगीत येत असेल? पण माणूस खूश होता. उरलेलं त्याचं मन भरून काढत होतं. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकला आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ही झाली आनंदाची शाखा. दुसरी शाखा कष्टाची आहे आणि हेडफोन हे यंत्र खऱ्या अर्थाने तिथे घडलं. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर मुलींना दिवसभर हात मोकळे हवेत, म्हणून १८८० च्या दशकात त्यांच्या खांद्यावर एक सांगाडा चढवत. त्यात बोलायचं आणि ऐकायचं अशी दोन्ही यंत्रं. एका कानापुरतं ऐकायचं आणि वजन चार-साडेचार किलोंच्या घरात! पाण्याची घागर खांद्यावर घेऊन आठ तास नोकरी केल्यासारखंच ते.

दोन्ही कानांवर बसणारा, आजच्या हेडफोनचा खरा पूर्वज म्हणावा असा नमुना बनवला नॅथानियल बाल्डविन या युटा राज्यातल्या माणसाने. हा मॉर्मन पंथाचा. सॉल्ट लेक सिटीच्या भल्यामोठ्या सभागृहात प्रवचन नीट ऐकू येत नाही, या अडचणीतून तो आवाज मोठा करण्याच्या नादाला लागला. १९१० मध्ये त्याने आपला हेडफोन अमेरिकन नौदलाकडे पाठवून दिला. नौदलाने तो तपासला, चकित झालं आणि मागणी नोंदवली. त्यावर बाल्डविनने कळवलं की एका वेळी दहाच देता येतील, कारण तो ते घरच्या स्वयंपाकघरात बनवत होता! पुढे पहिल्या महायुद्धात मागणी प्रचंड वाढली, कारखाना निघाला, पैसा आला आणि त्याच्याच काही उद्योगांत बुडालाही. तो वेगळा विषय.

नौदलाला हेडफोन कशासाठी हवा होता हे इथे महत्त्वाचं. दूरच्या जहाजावरून येणारा मोर्सचा क्षीण टिक-टिक आवाज वातावरणातल्या खरखरीतून वेचून काढायला. आवाज गोड आहे की कडू याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. ठिपका आहे की रेघ, एवढं कळलं पाहिजे. १९३७ मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायरच्या कंपनीने 'डीटी ४८' हा हेडफोन काढला. स्पीकरसारखीच रचना लहान करून कानावर आणणारा हा पहिला डायनॅमिक हेडफोन. तो ध्वनिमुद्रकांनी उचलला, श्रवणशक्ती मोजणाऱ्या तज्ज्ञांनीही उचलला. २०१२ पर्यंत तो बनत होता, म्हणजे पंचाहत्तर वर्षं! पण तोही मुख्यतः कामाचाच. मोर्स ऐकणारा नौसैनिक, कान तपासणारा तज्ज्ञ, ध्वनिमुद्रक, सगळे 'काय चुकतंय?' हे ऐकणारे.

मग 'काय छान आहे!' म्हणून ऐकण्याचा हेडफोन कुठून आला? तर आमच्याच गावातून, मिलवॉकीतून. विस्कॉन्सिनच्या थंडीबद्दल आपण सगळेच कुरकुरतो, पण एवढं श्रेय या गावाला द्यायला हवं. जॉन कॉस नावाच्या तरुणाने १९५३ मध्ये, लग्नात सोफ्यासाठी मिळालेले पैसे घालून, हॉस्पिटलमधल्या रुग्णांना टीव्ही भाड्याने देण्याचा धंदा सुरू केला. (सोफ्याबद्दल बायको काय म्हणाली असेल त्याची कल्पना मंडळातल्या कुठल्याही विवाहित सभासदाला करता येईल.) त्याला जॅझचं वेड. मार्टिन लँग या इंजिनियर जोडीदाराबरोबर त्याने हातात नेता येईल असा एक स्टिरिओ रेकॉर्डप्लेयर बनवला आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याला एक हेडफोन जोडला. तपकिरी प्लॅस्टिकच्या दोन वाट्या, आत तीन-तीन इंची स्पीकर, वर फोमच्या गाद्या आणि दोन्हींना जोडणारी वाकवलेली सळई. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या हाय-फाय प्रदर्शनात त्यांनी तो मांडला. रेकॉर्डप्लेयरकडे कुणी ढुंकून बघेना आणि हेडफोनभोवती मात्र गर्दी. स्टिरिओ रेकॉर्ड अमेरिकेत बाजारात आल्या त्या त्याच वर्षी, त्यामुळे वेळही अचूक साधली गेली. गाणं दोन्ही कानांत, खोलीत एकट्याने, हवं तेवढं मोठ्याने ऐकायचं हे सुख सामान्य माणसाला पहिल्यांदा मिळालं. जॉन कॉस २०२१ च्या डिसेंबरमध्ये वारले, कंपनी अजून गावात आहे. १९८४ मध्ये त्यांनी काढलेला 'पोर्टा प्रो' आजही तसाच विकला जातो. तो माझ्याकडे आहे. दिसायला जरा विचित्र आहे, पण आशाबाईंचं गाणं त्यावर ऐकताना दुसरं काही सुचत नाही.

दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, जर्मनीच्या सेनहायझरने 'एचडी ४१४' आणला आणि हेडफोनचं झाकणच उघडलं. तोवरचे हेडफोन चहूबाजूंनी बंद, कान डब्यात घातल्यासारखे. याच्या मागच्या बाजूला छिद्रं होती आणि पिवळ्या फोमच्या हलक्या गाद्या. आवाज मागून मोकळा सुटायचा, म्हणून खोलीत बसून ऐकल्यासारखा वाटायचा. हा एवढा खपला की आकडा एक कोटीच्या वर गेल्याचं सांगतात. तेव्हापासून 'बंद' आणि 'उघडा' अशा दोन जाती पडल्या आणि त्या आजही पाळल्या जातात. उघडा हेडफोन शांत खोलीत एकट्याला बरा. शेजारी बायको झोपली असेल तर तुमचा मालकंस तिलाही ऐकू येतो.

१ जुलै १९७९ ला सोनीचा वॉकमन बाजारात आला, किंमत ३३,००० येन. कंपनीचे संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं, त्यातून तो निघाला. त्याबरोबरचा फोमचा हेडफोन जेमतेम पन्नास ग्रॅमचा. गंमत म्हणजे पहिल्या वॉकमनला हेडफोनच्या दोन खाचा होत्या, कारण एकट्यानेच ऐकणं असभ्य दिसेल अशी धास्ती होती! जगाने ती धास्ती किती मनावर घेतली ते आपल्या मुलांकडे बघितलं की समजतं. आमच्या मिरजेच्या गल्लीत पहिला वॉकमन आला तेव्हा आम्ही सहाजण एक फोम कानाला लावून आळीपाळीने ऐकत होतो.

एकीकडे आनंदाचा हेडफोन असा हलका, स्वस्त, खिशातला होत होता आणि दुसरीकडे स्टुडिओत कामाचा हेडफोन अधिकच काटेकोर बनत होता. ध्वनिमुद्रकाला गाणं ऐकायचं नसतं. गायिकेचा श्वास माइकवर आदळला का, 'स' जास्त सिसकारतोय का, तबल्याच्या मागे विजेची गुणगुण आहे का, टेप जोडली तिथे टिक् वाजतंय का, हे ऐकायचं असतं. शिंप्याने सदरा उलटा करून शिवण बघावी तसं. यामाहाने १९७८ मध्ये 'एनएस-१०' नावाचा स्पीकर घरांसाठी म्हणून काढला. घरात तो कुणाला फारसा रुचला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंनी डोक्यावर घेतला, कारण चुका तो उघड्या पाडायचा. यावर चांगलं वाजलं तर कुठेही चांगलं वाजेल, असा हिशेब. हेडफोनमध्ये तेच स्थान सोनीच्या 'एमडीआर-७५०६' ने मिळवलं. १९९१ पासूनचा हा बंद हेडफोन, वाटीवर निळी पट्टी आणि टेलिफोनसारखी गुंडाळ्यांची वायर. रेडिओवाल्यांच्या आणि चित्रीकरणाच्या जागी काढलेल्या कुठल्याही फोटोत बघा, कुणाच्या तरी डोक्यावर ही निळी पट्टी दिसतेच.

या दोन जातींत कानाला नेमका फरक काय, ते सोप्या भाषेत सांगतो. ऐकण्याची मजा वाढवणाऱ्या हेडफोनमध्ये बहुधा खालचे, म्हणजे खर्जाकडचे आवाज थोडे उचललेले असतात आणि अगदी वरचे तीक्ष्ण आवाज थोडे दाबलेले. त्यामुळे आवाज उबदार, भरीव वाटतो आणि तासन्‌तास ऐकलं तरी कान शिणत नाहीत. तपासणीच्या हेडफोनमध्ये वरची बाजू मोकळी, कधीकधी थोडी जास्तच उजळ ठेवलेली असते. खरखर, सिसकारे, टिक्‌टिक् सगळं त्याच भागात राहतं ना! त्यावर तासभर गाणं ऐकलं की प्रखर दिव्याखाली बसून जेवल्यासारखं होतं. अन्न तेच असतं, पण भातातला प्रत्येक खडा दिसतो.

आता यात जाहिरातबाजीही बरीच आहे. 'संगीतप्रेमींसाठी' आणि 'व्यावसायिकांसाठी' अशा पाट्या लावून तोच माल दोन भावांना विकणारे काही कमी नाहीत. हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१२-१३ च्या सुमारास लोकांना वेगवेगळे हेडफोन ऐकवून त्यांची पसंती तपासली. चांगल्या खोलीत चांगल्या स्पीकरसमोर बसल्यावर जसं ऐकू येतं, त्याच्या जवळ जाणारा हेडफोन बहुतेकांना आवडतो असं निघालं. तयार कानाच्या आणि साध्या कानाच्या माणसांची आवड फार वेगळी नव्हती. २०१७ मध्ये जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन मोजले, तर किंमत आणि आवाजाचा तोल यांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही. चारशे डॉलरचा हेडफोन मिरवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. मीही दोनदा वाचलं.

थोडक्यात, कान दोन प्रकारचे नसतात, कामं दोन प्रकारची असतात. आणि हे मला कळलं ते आईच्या कॅसेटमुळे.

१९८४ च्या कोजागिरीला मिरजेच्या आमच्या घरी गच्चीवर गाणं झालं होतं. आई गायली होती. ती नाव झालेली गायिका नव्हती. घर, शाळेतली नोकरी सांभाळून शिकलेली, पण गळ्यात सूर पक्का. मिरजेचं हवापाणीच तसं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तिथे वस्ती केली होती आणि सतार-तंबोरे बनवणाऱ्यांची घराणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. मस्कतच्या काकांनी आणलेला टू-इन-वन मी सतरंजीच्या कडेला ठेवला आणि लाल बटण दाबलं. आईचा यमन त्यात आहे, तेवीस मिनिटांचा. आई २०१९ मध्ये गेली. तिच्या आवाजाचं तेवढं एकच मुद्रण आमच्याकडे उरलं आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली. साध्या कॅसेटवर 'शूऽऽ' असा आवाज कायम मागे असतो. तो काढणारं सॉफ्टवेअर मिळतं. त्याची रीत अशी: जिथे गाणं नाही, नुसती खरखर आहे, असा दोन सेकंदांचा तुकडा त्याला दाखवायचा. 'हा बघ कचरा' असं त्याला समजलं की तसलं जे जे असेल ते सगळ्या मुद्रणातून ते काढून टाकतं. गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंदं मी त्याला दाखवली. डोक्यावर माझा लाडका, भरदार खर्जाचा हेडफोन होता. खरखर गेली. आईचा आवाज असा स्वच्छ, समोर बसल्यासारखा आला की मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. मग ते मुद्रण सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिलं.

चार दिवसांनी मिरजेहून आत्याचा फोन आला. तिचं वय तेव्हा ऐंशी. "अरे, वहिनीचा आवाज काय सुंदर आलाय! सगळ्यांना ऐकवला." मग थोडी थांबली आणि म्हणाली, "पण मी कुठंय त्यात?"

मला काही कळेना. आत्या त्या दिवशी गायली नव्हती.

"तंबोरा मी धरला होता ना रे. वहिनीच्या मागे बसले होते मी."

मी कॅसेटची मूळ फाइल पुन्हा लावली, त्याच हेडफोनवर. खरखरीच्या मागे काहीतरी आहे असं वाटलं, पण नक्की सांगता येईना. लेक इथल्या एका रेडिओ केंद्रात काम करते. ती घरी आली होती. तिने बॅगेतून निळ्या पट्टीचा हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवला. "बाबा, आता ती पहिली दोन सेकंदं ऐका." ऐकली. खरखर दुप्पट वाढल्यासारखी झाली आणि तिच्या आत, अगदी बारीक पण स्पष्ट, तंबोरा वाजत होता. गाणं सुरू व्हायच्या आधीपासून! म्हणजे मी सॉफ्टवेअरला 'हा बघ कचरा' म्हणून दाखवला तो तुकडा रिकामा नव्हताच. त्यात आत्या होती. आणि त्या आज्ञाधारक यंत्राने तिला तेवीस मिनिटांतून शोधून शोधून पुसलं होतं. स्वच्छ केलेली फाइल त्याच हेडफोनवर लावली, तर आईच्या आवाजाच्या मागे पाण्यातल्या बुडबुड्यांसारखं काहीतरी तुटक तुटक उरलेलं. माझ्या लाडक्या हेडफोनवर ते कधी जाणवलंच नव्हतं.

यात शास्त्र आहे. तंबोऱ्याचा प्राण त्याच्या जवारीत असतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, त्यामुळे तार सपाट घोडीला निसटता स्पर्श करत कंप पावते आणि मूळ सुराबरोबर त्याच्या वरच्या स्वरांचा एक झगमगता पट्टा उमटतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये वीणा-तंबोऱ्यावर शोधनिबंध लिहिला होता. तार जिथे छेडल्यावर काही उपस्वर उमटूच नयेत असा पाश्चात्त्य नियम होता, तिथेही तंबोऱ्यात ते उमटतात आणि ही करामत त्या घोडीची, हे त्यांनी दाखवलं. हे उपस्वर वरवर चढत जातात आणि कॅसेटची खरखर जिथे राहते तिथेच जाऊन बसतात. शिवाय तंबोरा खरखरीसारखाच अखंड. यंत्राला दोघांतला फरक कसा कळणार? आणि माणसाच्या कानाचाही एक स्वभाव आहे. खालचे जोरकस आवाज वरच्या नाजूक आवाजांना झाकून टाकतात. भरदार खर्जाचा हेडफोन घालून मी ती झाकणी आणखी जाड केली होती.

पुढचे तीन शनिवार-रविवार लेकीचा हेडफोन घालून मी बेसमेंटमध्ये बसलो. तंबोराही नसलेला खरा रिकामा तुकडा मिळाला तो कॅसेटच्या अगदी शेवटी, सगळे चहाला उठल्यानंतर. तोही अर्धाच सेकंद. त्यावरून फार हलक्या हाताने, थोडीशीच खरखर कमी केली. बाकी राहू दिली. हे काम त्या निळ्या पट्टीशिवाय झालंच नसतं. पण खरं सांगू? त्या तीन आठवड्यांत मी आईचं गाणं एकदाही ऐकलं नाही. टेप कुठे आखडली ते ऐकलं, कुणाची बांगडी कुठे वाजली ते ऐकलं, नवव्या मिनिटाला खालच्या रस्त्यावरून गेलेली दुचाकी ऐकली. काम संपलं त्या रात्री पोर्टा प्रो घातला, दिवा मालवला आणि मग यमन ऐकला.

म्हणून त्या मित्राला मी विचारलं होतं, ऐकायचंय की तपासायचंय. तुमच्याकडेही आजोबांचं कीर्तन, बारशाची पाळणागीतं, मुंजीतल्या मंगलाष्टका अशा कॅसेट खोक्यात पडून असतील. त्या उतरवायच्या असतील तर एक साधा स्टुडिओचा बंद हेडफोन घ्या, शंभर डॉलरच्या आसपास उत्तम मिळतो. वायरचाच घ्या. बिनवायरचे आता सगळीकडे झालेत, पण त्यातले बरेचसे आवाजावर स्वतःचा मसाला घालतात आणि तपासणीला ते चालत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर जो घालून तुम्ही घड्याळ बघायचं विसरता तो घ्या. आणि जुन्या तबकड्यांची गाणी ऐकताना महागड्या, काटेकोर हेडफोनच्या वाटेला जाऊच नका. १९०२ मध्ये कलकत्त्यात गैसबर्गने गौहर जानचं गाणं भोंग्यात गायला लावून मुद्रित केलं, त्यात वरचे स्वर मुळात उतरलेलेच नाहीत. तिथे वर जे ऐकू येतं ती नुसती सुईची खरखर. माझा अनुभव, अशा गाण्यांना एखादा मऊ आवाजाचा हेडफोन किंवा सरळ जुना रेडिओछाप स्पीकर बरा. मित्राने शेवटी काय घेतलं विचाराल तर, कॉस्टकोत जो सेलवर होता तो.

नवीन मुद्रण मी मिरजेला पाठवलं. आतेभावाला सांगितलं की फोनवर नको, आत्याला हेडफोन लावून ऐकव. त्याने नातवाचा हेडफोन तिच्या अंबाड्यावरून कसाबसा बसवला आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. दोन-तीन मिनिटांनी तिचा उजवा हात मांडीवर हलायला लागला. तर्जनी आणि मधलं बोट, तारा छेडतात तसे.

"आहे, आहे," ती म्हणाली. "मीच आहे."

बराच वेळ ऐकून मग म्हणाली, "खर्ज उतरला होता रे तेव्हा. वहिनी दोनदा मागे वळून बघत होती. पण भरल्या गाण्यात खुंटी पिळणार कशी?"

फोन ठेवल्यावर मी लेकीचा हेडफोन घातला आणि पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं. अकराव्या मिनिटानंतर चौथी तार खरंच किंचित उतरलेली आहे. तीन आठवडे तेच मुद्रण उलटंपालटं करूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये ते दुरुस्त करायचीही सोय असते म्हणे. मी हात लावलेला नाही.